पक्का धुरा

आमच्या बिरसीतून समुद्र बघायचा तर दिवसरात्र रेल्वेत बसावं लागतं. पिंकीचे बाबा कधी बसले नाहीत. तरी समुद्राला धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालायचा सल्ला त्यांनी दिलाच. उंटावरून शेळ्या हाकण्यात माझ्या नवऱ्याचा हात धरणारा कोणी नाही.

पिंकी, आमची मुलगी, कोकणात कासवं वाचवणाऱ्या संस्थेत आहे. कासवीण वाळूत अंडी घालून निघून जाते. ही माणसं ती उचलून वर, कुंपणाच्या आत पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. मे महिन्यात पिंकीचा फोन आला. वादळ येत होतं, लाटा कुंपणापर्यंत चढत होत्या, आणि अंडी हलवता येत नव्हती. आत जीव धरल्यावर हलवलं तर पिल्लू मरतं म्हणे. पोर रडकुंडीला आली होती.

"रडून काऊन राहिली?" बाबा म्हणाले. "धुरा घाल चारही कडून. पाया खोल काढ, लाल माती चेच."

धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जन्म गेलेला माणूस, दुसरं काय सांगणार? पिंकीनं तिथलं सारं गाव कामाला लावलं. संध्याकाळी धुरा झाल्याचा निरोप आला तेव्हा हे दोन घास जास्त जेवले.

सकाळी आम्ही उन्हाळी धान कापायच्या आधी बांधी कोरडी करायला गेलो. ह्यांनी फावड्यानं धुरा फोडला, पाणी खळखळत बाहेर निघालं, आणि हे तिथेच थिजले.

"धुरा तं पाणी धरून ठेवाले असते," ते म्हणाले. "आत शिरलेलं पाणी निघन कुठून? मी फोडाले सांगितलोच नाही."

मग फोन लावत राहिले. फोनमधली बाई हिंदीत एकच सांगायची, पहुंच के बाहर. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव. मी तरी काय करणार होते, फावडं घेऊन कोकणात धावणार?

दोन दिवसांनी फोन लागला. लाट धुऱ्यावरून आत आली होती. वादळात किनाऱ्यावर कोणाला जाऊ दिलं नव्हतं. किनाऱ्याची निम्मी वाळू वाहून गेली, सुरूची झाडं आडवी झाली. गावकरी आता आणखी वर नवं कुंपण बांधायला लागलेत, पुढच्या हंगामासाठी. अंड्यांचं ती काही बोलेना.

ह्यांनीच हळू विचारलं, "धुरा कुठं तरी फुटला असन ना, बाई?"

"नाही बाबा," पिंकी म्हणाली. "तुमी सांगितलं तसाच पक्का झाला होता."