करंजपाड्याचा अज्ञात वीर

लहानू भोये जन्मात कधी शेळीवरसुद्धा बसला नाही, आणि मेल्यावर मात्र घोड्यावर बसला. नाशिकजवळच्या पेठ रोडच्या त्या डोंगरपट्ट्यात रीतच तशी. घरचा कर्ता माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड घडवायचा, त्यावर घोडेस्वार कोरायचा, वर चंद्र-सूर्य द्यायचे आणि वाटेच्या कडेला उभा करायचा. मग तो माणूस जहागीरदार असो नाहीतर खडी फोडणारा. लहानू खडी फोडणाराच होता. बहात्तरच्या दुष्काळात, सरकारी कामावर, हाच घाटरस्ता खोदताना सुरुंगाचा धोंडा त्याच्या छातीवर बसला. तेव्हा त्याचा मुलगा देवराम आईच्या पोटात होता. बाप म्हणून देवरामला ठाऊक होता तो हा दगडच.

दर आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवरामची आई भागीबाई पाण्याचा तांब्या आणि नागलीची भाकर घेऊन दगडापाशी जायची. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हा जुना दंडक, आणि म्हातारीनं तो उभ्या जन्मात मोडला नाही. पण आखातीला पाणी देताना नाव मोठ्यानं घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पाणी पोचत नाही, गेलेलं माणूस तहानलेलंच माघारी जातं. म्हणून वर्षातून त्या एका दिवशी ती "लहानू भोये" म्हणायची, आणि म्हणताना पंचाहत्तरीची म्हातारी चक्क लाजायची.

गेल्या पावसाळ्यानंतर रस्ता रुंद करायचं निघालं. काढून टाकायच्या झाडांवर, ओट्यांवर मोजणीवाले लाल फुल्या मारत गेले. एक फुली लहानूच्या दगडावरही पडली. पिंपळगावला द्राक्षांच्या छाटणीला गेलेला देवराम परत आला, त्यानं ती पाहिली आणि तळहातानं घासून बघितली, निघेना. दाद मागायची कोणाकडे? मजुराच्या दगडासाठी रस्ता वाकडा करील असा मायेचा पूत अजून जन्मायचा होता.

तशात मनालीताई आल्या. राहणाऱ्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या, शिकवायच्या इतिहास, आणि वेड एकच, वाटेवरच्या जुन्या दगडांना पाट्या लावून घ्यायच्या. बाई मनाची निर्मळ. भर उन्हात गुडघे टेकून त्यांनी पन्नास पावसाळ्यांनी झिजलेला तो दगड पुसला आणि घोडेस्वार बघून हरखून गेल्या.

"दादा, हा तीन-चारशे वर्षांचा तरी असेल हो. कोणाचा आहे, काही माहीत आहे?"

खोटं बोलायचं देवरामच्या मनातही नव्हतं. पण त्याची नजर लाल फुलीवर गेली.

"कोणालाच नाय ठाऊक, ताई. आमच्या आज्याच्याबी आधीपासून हाय."

झालं. बाईंनी सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातले, अर्जफाटे केले, आणि जुना ठेवा म्हणून रस्ता दगडाला वळसा घालून न्यायचं ठरलं. तपकिरी पाटी आली: 'अज्ञात वीराचे स्मारक'. करंजपाड्यावर खरं कोणाला माहीत नव्हतं? पण सगळे मूग गिळून बसले. उलट सोबती देवरामला चिडवायचे, "काय सरदार, घोडा कुठं बांधला?" देवराम हसायचा. आत कुठंतरी सलायचं, पण बाप जागेवर होता ना, मग बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

आणि नेमका मुहूर्त चांगला म्हणून पाटीचा कार्यक्रम धरला आखातीलाच. त्या दिवशी आई नाव मोठ्यानं घेणार, हे देवरामला ठाऊक होतं. आदल्या दिवशी तो आईजवळ जाऊन बसला.

"आय, उद्या रस्त्याचा साहेबबी येणार हाय. तू पाणी दे, पण नाव मनात घे."

"मनातलं त्यांना कसं ऐकू जायचं?"

"नाव कळलं तर दगड उपटून टाकतील, आय."

भागीबाईनं सुपातली नागली पाखडून मडक्यात ओतली. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दगडासमोर मांडव पडला, खुर्च्या लागल्या. आपल्या मातीसाठी लढलेल्या अनाम योद्ध्याबद्दल मनालीताई भरभरून बोलल्या, टाळ्या झाल्या. मग भागीबाई पुढे झाली. तिनं भाकर ठेवली, तांब्या तिरपा केला. ओठ हलले, आवाज आला नाही. पाणी संपलं तरी ती रिकामा तांब्या तसाच धरून उभी. मग तिनं वळून देवरामकडे पाहिलं, लेकरानं खाऊ मागावा तसं.

देवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोनं नवऱ्याचं नाव वर्षातून एकदा घ्यायचं, आणि तेही पोटच्या पोराला विचारून? सुरुंगानं बाप एकदा मारला होता. त्याला अज्ञात कोणी केलं? आपणच. आपल्याच तोंडानं.

तो उठला. मांडवातल्या घागरीतून त्यानं तांब्या भरून आणला, आईच्या हाताला हात लावून दगडावर धार धरली आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "लहानू भोये, पाणी घे." आणि मग, आयुष्यात कधी कोणाला न मारलेली हाक त्यानं मारली. "बा, पाणी घे."

"लहानू भोये," म्हातारी त्याच्यामागून म्हणाली.

मनालीताई जवळ आल्या. "कोण लहानू भोये?"

"माझा बाप. हाच रस्ता खोदताना मेला. मी तुमच्याशी खोटं बोललो, ताई."

बाईंनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा पायाखालच्या डांबराकडे. त्यांचे डोळे भरले. रस्त्याच्या साहेबानं घसा खाकरला. माणूस वाईट नव्हता, नोकरी करत होता.

"मग हा जुना म्हणून ठेवता येणार नाही, मॅडम. हलवावा लागेल."

"त्यांचं नाव घालून दुसरी पाटी लावू की, साहेब. मी भांडते वरपर्यंत."

"कामावर मेलेल्या मजुरांच्या पाट्या लावायच्या म्हटल्या, तर रस्ता पुरायचा नाही," साहेब खाली बघत म्हणाला.

देवरामचा धीर सुटला. "आय, चुकलं माझं. जागा गेली."

भागीबाई पदरानं घोडेस्वाराचं तोंड पुसत होती. तिनं पदर खोचला.

"रडतो कशाला? नाव घेऊन बोलावलंस ना तू त्यांना, आता येतील ते आपल्यासंगं," ती म्हणाली. "चल, एका बाजूनं धर. घरी नेऊ."