अमिनाचं अर्धं डोकं

लग्न होऊन मालेगावला आले त्याला सात वर्षं झाली होती, तरी माझी सासू हुस्नबानो, आमची अम्मा, गल्लीत माझा उल्लेख 'महेबूबची बायको' असाच करायची. सून म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. कारण माझं अर्धं डोकं.

आम्ही विणकर. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, सुताला तांदळाची खळ लावावी लागते. अख्खी गल्ली अडवून ताणा पसरायचा आणि घरातल्या सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी कुंचे मारत जायचं. कोरडा वारा असला की सूत तुटतं, म्हणून दमट, पान हलत नाही अशी सकाळ निवडायची. आणि नेमकी अशाच सकाळी माझी अर्धशिशी उठायची. डाव्या डोळ्यामागे घण बसायचे, उजेड सोसायचा नाही.

"खळीच्याच दिवशी बरं दुखतं हिचं," अम्मा म्हणायची. दुखणं मी सोसलं असतं. हे बोलणं मात्र आतपर्यंत लागायचं.

एकोणीसशे चौतीसच्या उन्हाळ्यात महेबूबनं मला नाशिकला डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या भिंतीवर घड्याळासारखं एक पितळी यंत्र होतं. "हवेचा दाब उतरला की हा काटा खाली येतो," डॉक्टर म्हणाले, "आणि कित्येकांची अर्धशिशी उठते. माझीसुद्धा." मला इतका आनंद झाला की औषधाची पुडी तिथेच विसरले.

घरी येऊन सांगितलं तर अम्मा पोट धरून हसली. "आता हवेलाही वजन आलं."

आश्विनात तशीच एक सकाळ उगवली. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. अम्मानं पातेलंभर खळ शिजवली आणि माझ्या डोळ्यामागे घण सुरू झाले. या वेळी मी आडवी पडले नाही. डोक्याला फडकं करकचून बांधलं आणि गल्लीत जाऊन उभी राहिले.

"अम्मा, आज ताणा पसरू नका. पाऊस येणार आहे."

समोरचे इब्राहिमचाचा हसले आणि त्यांनी आपला ताणा पसरायला घेतला. अम्मानं ताणा टेकवायचा बांबू उचलला. तेव्हा महेबूब, जो आईपुढे कधी ब्र काढत नाही, हळूच म्हणाला, "अम्मा, गेल्या साली ताणा भिजला तेव्हा अमिना आडवीच होती. त्याच्या आदल्या साली पण."

अम्मा थबकली. बोटांवर मोजत तिनं चार भिजलेले ताणे आठवले आणि चारही वेळा मला घातलेले टोमणे तिला पाठ होते. हातातला बांबू तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "गुंडाळ रे महेबूब."

शिजलेली खळ वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तांदळाचीच ती, तिनं त्यात गूळ घातला आणि गल्लीतल्या पोरांना वाटीवाटीनं वाढली. पोरं ती ओरपत होती तोच दक्षिणेकडून काळं आभाळ चढून आलं. आम्ही सगळे धावलो आणि इब्राहिमचाचांचा ताणा अर्धा तरी ओढून आत आणला. मी चिंब भिजले, आणि पावसाबरोबर माझं डोकं दुखणंही उतरलं. ओल्या कपड्यांनी मी वेड्यासारखी हसत सुटले. अम्मानं कोरडी ओढणी माझ्या अंगावर टाकली.

पंधरा दिवसांनी पुन्हा दुखलं. मी अंथरुणावर पडून टोमण्याची वाट बघत होते. अम्मा आली, खिडकीवर घोंगडी टांगली आणि बाहेर गेली. गल्लीत इब्राहिमचाचा बांबू आपटत होते.

"ताणे आत घ्या," अम्माचा आवाज आला, "आणि जरा हळू बोला. माझ्या सुनेचं डोकं दुखतंय."

डोक्यात घण चालूच होते. तरी अंधारात मी उशीत तोंड खुपसून पोटभर हसले.