तक्त्यात कारण नसतं

नांदेडला डॉक्टर लेनच्या मागे, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत अक्षरा कोरे इंग्रजी शिकवायची. येणाऱ्या सगळ्या नर्स होत्या. कुणी दिवसपाळी संपवून थेट यायची, कुणी रात्रपाळीला जाता जाता. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत एक तक्ता येतो. तो वाचून त्यात काय दिसतं ते आपल्या शब्दांत लिहायचं. व्याकरणापेक्षा पोरी ह्याच प्रश्नाला जास्त घाबरायच्या. तक्ता समोर आला की पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं उतरवून काढायच्या.

"आकड्यांकडं आधी बघूच नका," अक्षरा सांगायची. "वरची ओळ वाचा, डावीकडची नावं वाचा. तक्ता कशाचा आहे ते कळल्याशिवाय आत शिरायचं नाही. मग सगळ्यात जास्त कुठं, सगळ्यात कमी कुठं, आणि बदल कुठं झाला. एवढं दिसलं की झालं."

त्या दिवशी सरावाच्या पुस्तकातला तक्ता एकट्या राहणाऱ्या माणसांचा होता. देशांना नुसतीच अ, ब, क, ड अशी नावं, वर वयाचे गट, आत टक्के. ऋतुजानं आपलं लिहिलेलं वाचून दाखवलं. इंग्रजी बरं होतं, पण शेवटी तिनं लिहिलं होतं की ब देशातली म्हातारी माणसं एकटी राहतात, कारण मुलं त्यांना विचारत नाहीत.

"हे तक्त्यात कुठं दिसलं तुला?"

"दिसलं न्हाई मॅडम. पण दुसरं काय असणार?"

"तक्त्यात कारण नसतं. किती, एवढंच असतं. कारण आपण मनानं घालायचं नाही. मार्क जातात."

मागून सृष्टी म्हणाली, "पण मॅडम, खरंच असं कोण राहतं हो? आमच्या मुदखेडला तर कुणी न्हाई. म्हातारं माणूस असलं तरी पुतण्या तरी असतोय घरात."

"चाळिशीच्या आतलेबी लई हायत बघ," ऋतुजानं तक्त्यावर बोट ठेवलं. "नवऱ्यानं सोडलेल्या असतील."

दोघीतिघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर वॉर्डात राबलेल्या पोरी होत्या, हसायला निमित्त मिळालं होतं.

अक्षराला पुढच्या तक्त्याकडे वळता आलं असतं. लातूरचं सासर सोडून तिला तीन वर्षं झाली होती. आधी ती उदगीरला माहेरी गेली. आई होती, भाऊ संगमेश होता, वहिनी होती, कुणी वावगं बोललं नाही. पण तिला दिलेल्या खोलीत भाच्यांची अभ्यासाची टेबलं होती, आणि ती झोपली असेल म्हणून पोरं दाराबाहेर पुस्तकं घेऊन बसायची. ते बघून ती नांदेडला आली. इथं पोरींनी एकदा विचारलं होतं, सर काय करतात. "लातूरला असतात," ती म्हणाली होती. ते खोटं नव्हतं.

"मी राहते एकटी," ती आता म्हणाली. "माझं वय त्या दुसऱ्या रकान्यातलं. चला, पुढचं कोण वाचतंय?"

सृष्टीनं घाईनं वही पुढं ओढली आणि वाचायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून डबे यायला लागले. ऋतुजानं धपाटे आणले, सृष्टीनं शेंगाची चटणी. सगळ्या तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागल्या, आजारी माणसाशी बोलतात तशा. धपाटे चांगले होते. पण पोरी आता वर्गात तिच्याशी वाद घालत नव्हत्या. चुकलं म्हटलं की लगेच हो म्हणायच्या. दिवसभरात कुणी तिच्याशी भांडत होतं ते तेवढंच होतं, आणि तेही गेलं.

लुंबिनीनं मात्र डबा आणला नाही. ती जवळच्या लोहा गावची, अतिदक्षता विभागात काम करणारी, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी. एका शुक्रवारी बाकीच्या गेल्यावर ती मागं थांबली.

"मॅडम, एक विचारू का? राग येईल तुम्हाला."

"विचार."

"मला आयर्लंडला खोली मिळणार म्हणतेत. एकटीची. मी आजवर कधी एकटी झोपले न्हाई. घरी सात माणसं, हॉस्टेलला चौघी. मला त्या तक्त्यातले आकडे कळतेत. पण उद्या मीच जाऊन त्यात बसणार हाय, ह्याची भीती वाटून राहिली. त्यात अवघड काय असतंय?"

अक्षराला आजवर सगळ्यांनी 'का' असं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. ती खुर्चीवर बसली.

"संध्याकाळ नसते अवघड," ती विचार करत म्हणाली. "लोकांना तसं वाटतं. दुखणंखुपणंही नाही, ते तू बघशील तुझं. काहीतरी बारीक चांगलं घडतं ना, तेव्हा अवघड जातं. पेरू गोड निघाला. गच्चीवर मुंगूस दिसलं. त्याच्यासाठी कुणाला फोन लावावा इतकं ते मोठं नसतं. मग ते तसंच राहून जातं."

"मग काय करता?"

"काही नाही. राहून जातं." ती म्हणाली, "आणि सुट्टीच्या दिवशी खाली उतरायचं. घ्यायचं नसलं तरी भाजीचा भाव विचारायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी आवाज घोगरा निघतो."

लुंबिनीनं मान हलवली. तिनं कीव केली नाही की धीर दिला नाही. "अजून सांगा," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दर शुक्रवारी ती थांबायची. आधी दोघी एक तक्ता सोडवायच्या, मग खालून चहा मागवायच्या. लुंबिनी इंग्रजी वाक्यांवरून हुज्जत घालायची आणि अक्षरा चढ्या आवाजात उत्तर द्यायची. ते महिने अक्षराला भराभर गेल्यासारखे वाटले.

लुंबिनी पास झाली. व्हिसा आला. एका रविवारी सकाळी मुंबईच्या गाडीनं ती निघाली. पोचवायला लोह्याहून जीप भरून माणसं आली होती. अक्षरा जरा बाजूला उभी राहिली. लुंबिनी सगळ्यांच्या पाया पडत तिच्यापर्यंत आली, काहीतरी बोलणार होती, पण तिचे वडील आनंदराज बॅगांसाठी हाका मारत होते आणि गाडी सुटायला झाली होती.

गाडी गेल्यावर लुंबिनीची आई अक्षराजवळ आली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तिथं एकटी राहणार म्हणं ती. जमतंय का वो मॅडम, बाईमाणसाला?"

"जमतं."

"बरं वाटतंय का पण?"

अक्षरानं त्या बाईकडे पाहिलं. तिला खोटं सांगवेना. "रोज नाही वाटत," ती म्हणाली. "पण जमतं."

आईनं जीपकडं बघितलं. मग म्हणाली, "लोह्याला चला आमच्यासंगं. जेवून घ्या. सांजच्याला पोरं आणून सोडतील."

"नको, माझा वर्ग आहे," अक्षरा म्हणाली. रविवारी वर्ग नसायचा. त्या भरल्या जीपमध्ये, लुंबिनीच्या रिकाम्या जागेवर आपल्याला बसवतील, हे तिच्या मनात आलं होतं.

जीप वळून दिसेनाशी झाली. ती स्टेशनबाहेर ऑटोच्या रांगेपाशी उभी होती, तेवढ्यात उदगीरहून तिच्या आईचा, नागम्माचा फोन आला. आई फोनवर कानडीतच सुरुवात करायची.

"ऊट आयता?" जेवलीस का?

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"आयतु, अव्वा," अक्षरा म्हणाली. झालं जेवण. आणि आई भाच्यांच्या परीक्षेचं सांगायला लागली, तशी ती फोन कानाला धरून घराच्या दिशेनं चालायला लागली.