वीस मधली दारं

त्या गल्लीत एका बाजूला गोदामाची आंधळी भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला अकरा घरं, खांद्याला खांदा लावून उभी. घर म्हणजे एका खोलीइतकी रुंदी आणि तीन मजल्यांची उंची, बस्स. दुसऱ्या घरात कांदा चिरला की चौथ्या घरात डोळे पुसायचे. आठव्यात नवराबायकोचं वाजलं की सहाव्यातला रेडिओ लगेच बारीक व्हायचा, कारण भांडण नीट ऐकू यायला हवं. बाहेरची माणसं नाक मुरडून विचारायची, इथे श्वास तरी कसा घेता? गल्लीतली माणसं सांगायची, पाळीपाळीने.

जिन्यांचं तर विचारूच नका. अंग चोरून चढायचं आणि उलटं होऊन उतरायचं. धडाचा जिना एकच, दहाव्या घराचा. तिथे बाइंडरकाका राहायचे आणि छापील कागदांचे गठ्ठे वर चढवता यावेत म्हणून त्यांच्या आजोबांनी तो सरळ आणि ऐसपैस बांधून घेतला होता. मग बाकीच्या दहा घरांनी करायचं काय? तर दोन घरांमधल्या प्रत्येक भिंतीत, वरच्या दोन्ही मजल्यांवर, एकेक दार होतं. दहा भिंती, दोन मजले, वीस दारं. गल्ली त्यांना मधली दारं म्हणायची. ती कोणी पाडली, कधी पाडली, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना कडी नव्हती. "येतेय गं" म्हणायचं आणि आत जायचं. आजारी माणूस, दिवस भरलेली बाई, जुना पलंग, जे जे आपल्या जिन्यात मावणार नाही ते मधल्या दारांतून बाइंडरकाकांच्या जिन्यावर यायचं आणि तिथून खाली रस्त्यावर.

आणि एक नियम होता. सरकारी माणूस गल्लीत शिरला की प्रत्येक मधल्या दारासमोर कपाट सरकवायचं. मोजणीवाला असो, मीटर बघणारा असो, लसवाला असो. का, ते विचारायचं नाही. आयांनी सांगितलं, लेकींनी ऐकलं. प्रत्येक दाराजवळ जमिनीवर कपाटाच्या पायांनी दोन चरे पडले होते आणि सरकारी माणूस आला की अकरा घरांमधून एकदम जो करकराट उठायचा, त्याने गोदामावरची कबुतरं उडायची.

तिसऱ्या घरातला एक मुलगा लहानपणी हातात पट्टी घेऊन दिसेल ते मोजत हिंडायचा. गल्लीने त्याचं नाव फूटपट्टी ठेवलं आणि ते त्याला जन्माचं चिकटलं. आता तो सत्तावन्न वर्षांचा होता, नगर कार्यालयात मुख्य आरेखक, निवृत्तीला एक वर्ष बाकी. राहायला तो कधीच कार्यालयाच्या वसाहतीत गेला होता. तिसऱ्या घरात त्याची थोरली बहीण एकटी राहायची, पडदे शिवून पोट भरायची. ताईने त्याला वाढवला होता. तो बारा वर्षांचा असताना आई आजारी पडली, तेव्हा तिला खुर्चीत बसवून सात मधल्या दारांमधून नेलं होतं. प्रत्येक घरात कोणीतरी आधीच भांडीकुंडी बाजूला करून, दार धरून उभं होतं. आई परत आली नाही, पण दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा जीव राहिला आणि ताईचा हात धरून ती गेली. त्या सात दारांचे उंबरे फूटपट्टीला अजून पाठ होते.

तर कार्यालयाने ठरवलं की जुन्या वस्तीतल्या इमारती तपासायच्या, धोक्याच्या असतील त्या पाडायच्या आणि बाकीच्या सरकारी खर्चाने दुरुस्त करायच्या. फूटपट्टीने साहेबांच्या मागे लागून लागून आपल्या गल्लीची मोजणी स्वतःकडे घेतली. त्याच दिवशी ताईकडे जाऊन छाती पुढे काढून म्हणाला, "आता काळजी सोड. मी आहे ना."

"घर राहील ना रे?" ताईने विचारलं. सुई तिच्या हातात तशीच थांबली होती.

"राहील म्हणजे? नवं होऊन राहील."

पडणार तर बाइंडरकाकांचं घर पडणार, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. त्यांची मागची भिंत वीतभर बाहेर आली होती. काका खळ लावलेल्या पुठ्ठ्यावर हात फिरवत म्हणायचे, "माझं एक गेलं तर जाऊ दे. दहा राहतायत ना? मी नवव्या घराच्या माळ्यावर पथारी टाकेन."

अठरा दिवस फूटपट्टी मोजत होता. पहिल्या दिवशी तो टेप आणि फळी घेऊन गल्लीत शिरला तेव्हा एकही कपाट सरकलं नाही. काकांनी थट्टेने विचारलंच, "काय रे, सरकवायचं का?"

"माझ्यापासून काय लपवताय? चारदा तर मीच सरकवलंय ते."

सगळे हसले. प्रत्येक घरात त्याच्यापुढे चहा आला, कोणी टेपचं टोक धरलं, कोणी स्टूल दिलं. ताई तेवढी शिवत बसली होती. संध्याकाळी तो तिच्या मधल्या दाराची रुंदी लिहायला लागला तसा तिने त्याचा हात धरला.

"दारं नको काढूस."

"का?"

"आई नको म्हणायची."

"ताई, अगं हीच तर आपल्या गल्लीची शान आहे! अशी वस्ती दुसरी दाखव मला. साहेबांना कळू दे इथली माणसं कशी राहतात ते. हे पाहिल्यावर पाडायची कोणाची छाती होईल?"

ताईने हात सोडला. धाकटा भाऊ शिकलेला, कार्यालयात मानाचा, त्याच्याशी ती काय वाद घालणार? पण तिचं मन तिला खात राहिलं.

नकाशा मात्र असा उतरला की काय सांगावं. विटांच्या भिंतींची जाडी, खिडक्यांचे कोन, बाइंडरकाकांच्या जिन्याच्या एकूणएक पायऱ्या, आणि वीस दारं, प्रत्येक दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला बारीक कमान काढून. रात्रीचं जेवण विसरून त्याने तो काढला. पस्तीस वर्षं इतरांच्या प्लॉटांच्या चौकटी आखणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी काढत होता. कोपऱ्यात त्याने सही केली तेव्हा त्याला अगदी भरून आलं.

साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा काढून पुसला. "वा! या खात्यात असं काम मी पाहिलेलं नाही." मग त्यांनी वीस दारांवरून पेन्सिल फिरवली, एकदा, दोनदा, आणि नियमांचं पुस्तक ओढलं. आतल्या आत ये-जा असलेली बांधकामं एकच इमारत धरावीत, असं एक कलम होतं. फूटपट्टीने ते वाचलं नव्हतं असं नाही. गोदामांसाठी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"म्हणजे ही अकरा घरं नाहीत," साहेब म्हणाले. "एक इमारत आहे. आणि तिचा एक भाग धोक्याचा."

फूटपट्टी नकाशावर वाकला. "साहेब, दारं विटांनी बुजवून टाकू. मी स्वतः उभा राहतो."

"आता बुजवून काय उपयोग? नकाशा दाखल झाला." साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी खणातून एक फॉर्म काढला. "एक वाट आहे. दारं दाखवण्यात माझी चूक झाली, असं लिहून द्या. मी फेरमोजणी लावतो. दुसरा माणूस जाईल, त्याला दारं दिसली नाहीत की संपलं. तुमच्यावर चौकशी बसेल, हे आधीच सांगतो. मुख्य आरेखक म्हणून निवृत्त होणार नाही, एक पायरी खाली याल. एवढंच."

दारं दिसणार कशी? अकरा घरांतली कपाटं अर्ध्या मिनिटात सरकली असती. त्यासाठी एक ओळ लिहायची होती.

दोन दिवस तो फॉर्म घरी टेबलावर पडून होता. फूटपट्टी पेन उघडायचा, 'माझ्या नकाशात' इथपर्यंत लिहायचा आणि थांबायचा. पस्तीस वर्षांत त्याच्या एका रेषेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. आणि हा नकाशा चुकलेला? हा? तो मनाशी म्हणाला, आपण खोटं कसं लिहायचं? मोठा आला सत्यवादी. त्याला नकाशावर जीव जडला होता, खरं कारण तेवढंच होतं, आणि ते त्याला स्वतःलाही कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्याने फॉर्म कोराच परत केला.

ताईला त्याने सांगितलं, "वरून ठरलं. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"तू प्रयत्न केलास ना?"

"केला."

ताई त्याच्यावर विश्वास ठेवून मोकळी झाली. उलट त्याचीच समजूत घालत बसली की जाऊ दे, तू तरी किती करशील. तिने त्याला जेवूनही पाठवलं. तो खाली मान घालून जेवला.

नव्या खोल्यांच्या किल्ल्या घ्यायला गल्लीतली माणसं कार्यालयात आली. साहेबांच्या दालनात, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे, काचेच्या चौकटीत नकाशा लावला होता. बाइंडरकाका जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवून पाहू लागले. आपल्या जिन्याच्या पायऱ्या त्यांनी बोटाने मोजल्या. सगळ्या होत्या.

"हुबेहूब आहे की रे," ते म्हणाले आणि त्यांच्या आवाजात कौतुकच होतं.

साहेबांनाही चार शब्द चांगले बोलावेसे वाटले. "माणूसच तसा आहे तुमचा. मी म्हटलं होतं, चूक झाली असं लिहून द्या, फेरमोजणी लावतो, घरं वाचतील. पण नाही. खोटं लिहिणार नाही म्हणजे नाही. कोरा फॉर्म आणून ठेवला. अशी माणसं आता कुठे मिळतात?"

फूटपट्टी दाराजवळ किल्ल्यांची पेटी धरून उभा होता. त्याला वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारावी. काकांनी चष्मा खाली घेतला, किल्ली उचलली आणि त्याच्या बाजूने निघून गेले. ताई शेवटची होती. तिने रजिस्टरवर सही केली, पेन त्याला परत दिलं आणि "धन्यवाद" म्हणाली.

गल्ली नऊ दिवसांत पडली. अकरा घरांची माणसं शहराच्या टोकाला चार वेगवेगळ्या इमारतींमध्ये गेली, ज्याला जो नंबर लागला तिथे. लांबरुंद रस्ते, प्रत्येकाला स्वतःच्या चार भिंती, लिफ्ट. बाइंडरकाकांचं बांधणीचं सामान लिफ्टमध्ये मावेना, ते तळमजल्यावर खोक्यांमध्येच राहिलं. शेजारी कोण राहतं ते कोणाला माहीत नव्हतं. ताईला सातवा मजला मिळाला, अगदी कडेची खोली.

फूटपट्टी निवृत्त झाला, मुख्य आरेखक म्हणूनच. हारतुरे झाले. त्यानंतर महिनाभर धीर गोळा करून, एका सकाळी तो ताईकडे गेला. सगळं बोलून टाकायचं, पाय धरायचे, वाटेल तेवढं ऐकून घ्यायचं, असं ठरवून गेला. घंटी वाजवली. दाराला बाहेरचा माणूस दिसणारं भोक होतं. भोकाआडचा उजेड क्षणभर झाकला गेला आणि पुन्हा दिसला.

मग आतून करकराट आला.

लाकडी पाय जमिनीवरून ओढल्याचा तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. तो संपेपर्यंत दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा ताईला धाप लागली होती. गल्लीतलं जुनं कपाट उजव्या भिंतीला लावलेलं होतं आणि गुळगुळीत नव्या फरशीवर दोन ताजे चरे उमटले होते.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "त्या भिंतीपलीकडे काही नाही गं. बाहेर नुसती पोकळी आहे, सात मजले खोल."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "पण सरकारी माणूस आला की सरकवायचं. आई सांगून गेलीय."

तिने पदराने खुर्ची पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बसा. पाणी आणते."