एकही गोचीड नाही

गोचीड मोजणं हे जनावरांच्या डॉक्टरनं काही मिरवावं असं काम नाही. गाईच्या कानात, मानेखाली, कासेशी, शेपटीखाली बोटं घालायची, एका अंगाचे मोजायचे आणि दुप्पट करून कागदावर लिहायचे. पाहणीसाठी आठ दिवसांत दीडशे जनावरं. पाचव्या दिवशी गावातल्या एका काकूंच्या गोठ्यात शिरले तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं.

काकूंचा गोठा म्हणजे लख्ख. फरशी धुतलेली, दावं धुतलेलं, गायसुद्धा धुतलेली. मी सगळीकडे चाचपलं. एकही गोचीड नाही. शून्य लिहिलं. शेजारी त्यांच्या जावेकडे, जिथे कोंबड्या शेण उकरत फिरत होत्या, तिथे सहा निघाले होते.

"बघितलंत?" काकू म्हणाल्या. "आणि जाऊबाई सगळीकडे सांगत फिरतात, हिच्या गाईला गोचीड आहेत म्हणून. मी काय घाणेरडी आहे?"

मी निघालेच होते. पण गाय काही बरी दिसेना. कान पडलेले, वैरण तशीच. पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक. ताप एकशे सहा.

"लघवी कशी होते हिची?"

"चांगली होते की."

"काकू, मी रंग विचारतेय."

काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मला शंका आली. "हात दाखवा बघू," मी म्हटलं. त्यांच्या नखांत रक्त वाळलं होतं.

मग मात्र मी भडकले. "पहाटेपासून वेचत बसलात ना? अहो, गोचीड काढले तरी त्यांनी दिलेला ताप अंगात राहतो! मी शून्य लिहून निघून गेले असते आणि दोन दिवसांत गाय गेली असती. पोटात वासरू आहे तिच्या!"

काकू खाली बसल्या. "काळ्या चहासारखी होते," त्या म्हणाल्या. "कालपासून. दिवसातून दोनदा गोठा धुते हो मी. तरी होतात. कुठल्या तोंडानं सांगू कुणाला?" आणि त्या रडायला लागल्या. मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. गाईला इंजेक्शन दिलं आणि त्यांच्याशेजारी बसले.

खाली बसले म्हणून भिंत नीट दिसली. गिलावा नसलेली, दगडांच्या फटीच फटी. एका फटीत काडी घातली तर फुगलेल्या माद्या बाहेर आल्या आणि त्यांच्यामागे तपकिरी अंड्यांचा पुंजका.

"हे बघा. फरशी कितीही धुवा, यांचं बिऱ्हाड इथे आहे. एकेक मादी हजारो अंडी घालते. त्यात तुमची गाय संकरित, हिला गोचीड जास्त लागतात. जाऊबाईंची गावठी, ती जरा तग धरते. तुमच्याकडे कोंबड्या नाहीत?"

"होत्या. घाण करतात म्हणून देऊन टाकल्या."

"कुणाला?"

"जाऊबाईंनाच."

"मग तिकडचे गोचीड त्याच टिपतायत."

काकूंना रडता रडता हसू फुटलं. मी कागद काढला. "किती वेचलेत, काही अंदाज?"

"दोनशे सतरा," त्या लगेच म्हणाल्या.

मोजलेसुद्धा होते बाईंनी. मी शून्य खोडून दोनशे सतरा लिहिलं. दुप्पट करायची गरज नव्हती.

चार दिवसांनी लघवी निवळली, गाय वैरणीला तोंड लावू लागली. महिन्याभरानं पुन्हा मोजायला गेले, तर भिंतीला गिलावा झालेला आणि गाईच्या पायांत तीन कोंबड्या. त्या परत मागायला काकू स्वतः जावेच्या दारात गेल्या होत्या.

"या वेळी हात लावलेला नाही हं मी," त्या म्हणाल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या.

मी कानापासून शेपटीपर्यंत, या वेळी दोन्ही अंगांचे मोजले. "नऊ."

काकू माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"दहा लिहा. शेपटीखालचा राहिला तुमचा."