अभिराजची वेगळी पद्धत

येलहंक्याच्या हवाई तळावर विमानांच्या कसरती पाहून आला आणि अभिराजने ठरवलं, आता आपण विमानांची स्केल मॉडेल्स करायची. आठवड्याभरात बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमधली पाहुण्यांची खोली कॉम्प्रेसर, एअरब्रश आणि रंगांच्या बाटल्यांनी भरली. छातीवर 'मॉडेलर' लिहिलेला टी-शर्टही आला. एका विमानाचं चाकही अजून चिकटवलं नव्हतं.

पहिलं लढाऊ विमान त्याने दुपारी जोडलं आणि संध्याकाळी रंगवलं. प्रायमर लावायचा कंटाळा केला, रंगही दाटच फवारला. वाळल्यावर पंख संत्र्याच्या सालीसारखे दिसायला लागले. वर धूळ चिकटली होती ती वेगळीच.

"किटच फालतू आहे," म्हणत त्याने ते कपाटावर टाकून दिलं.

त्याच्या बायकोला, देवश्रीला, अर्धवट टाकलेली वस्तू बघवत नसे. शहरातल्याच शिवाजीनगर भागातल्या गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून तिने वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचे पॉलिश पेपर, आणले, वाटीत साबणाचं पाणी घेतलं आणि ओल्या कागदाने रंग घासायला बसली. कडांवर रंग पातळ असतो, तिथे जोर लावला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं, हे तिला एक पंख बिघडवून कळलं. तो तिने पुन्हा प्रायमरपासून केला. पातळ थर द्यायचा, नीट वाळू द्यायचा, आणखी बारीक कागदाने घासायचा, की पुन्हा थर. शेवटी पंखावरून बोट फिरवलं तर कुठेच अडकेना.

अभिराजने फोटो काढून हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'पेशन्स इज एव्हरीथिंग.'

"पेशन्स कोणाचा?" देवश्रीने विचारलं.

"अगं, विमान तर मीच बनवलं ना? तू फक्त फिनिशिंग केलंस."

ती कुकर लावायला उठून गेली.

ग्रुपने त्यालाच बैठकीत प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. आदल्या दिवशी तो स्वयंपाकघरात आला. "थोडक्यात सांग ना, काय काय करायचं?"

"कागद ओला ठेव, हात हलका ठेव आणि कडांवर जोर देऊ नकोस. मुख्य म्हणजे घाई करू नकोस."

"एवढंच? मला वाटलं, काहीतरी टेक्निक असेल."

बैठकीला देवश्रीही आली होती. त्याने आधी स्वतःच्या प्रवासाबद्दल भाषण केलं. मग तेच विमान हातात घेतलं. पाणी आणायला तो विसरला होता. कोरडाच जाडसर कागद पंखावर खरखर फिरवत, लोकांकडे बघत तो बोलत राहिला. आधी ओरखडे उठले, मग कडेला करडं प्लास्टिक दिसायला लागलं.

पुढच्या रांगेतून ग्रुपच्या ज्येष्ठ सभासद वसुमतीबाईंनी विचारलं, "अहो, कोरडंच घासता?"

"ही माझी वेगळी पद्धत आहे," अभिराज म्हणाला आणि दुसरा पंखही खराब केला. मग मात्र त्याला घाम फुटला. "पुढचं माझी मिसेस दाखवेल. ती मला कधीकधी मदत करते. देवश्री, ये ना."

सगळ्या माना वळल्या. देवश्री खुर्चीतून हलली नाही. "तुझी पद्धत मला येत नाही," ती म्हणाली.

"मग हे विमान इतकं गुळगुळीत केलं होतं कुणी?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"मी."

अभिराज मोठ्याने हसला. एकटाच.

परतताना ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा तो फुरंगटून म्हणाला, "चार लोकांत माझी लाज काढलीस."

देवश्रीने त्याच्याकडे बघितलं. तिला त्याचा राग येत नव्हता, आणि याचंच तिला नवल वाटलं. रागावण्यासाठीसुद्धा समोरच्या माणसाची थोडी किंमत वाटावी लागते.

पुढच्या बैठकीत तिने ते विमान पुन्हा प्लास्टिकपर्यंत घासलं, ओल्या कागदाने, सगळ्यांसमोर. वसुमतीबाई शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. नवा रंग चढवून तिने ते घरी दिवाणखान्यात ठेवलं.

एका संध्याकाळी अभिराजच्या ऑफिसातले लोक जेवायला येणार होते. तो तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कुणी विचारलं तर, दोघांनी मिळून केलं, असं सांगू या?"

"नको," देवश्री म्हणाली आणि कोशिंबिरीसाठी काकडी चोचवायला घेतली.