हलकं हँडल

सुनेने शेवटची गाठ आवळली आणि सासऱ्यांनी ती दोन बोटांनी ओढून पाहिली. गाठ जागची हलली नाही. तरी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा, अगदी तशीच, आपल्या हाताने बांधली.

"माझी काय वाईट होती, मामा?"

"गाठ चांगली होती. माझी सवय वाईट आहे."

दोन दारांचं कपाट जुन्या चादरींत गुंडाळून सायकलवरच्या लांब फळीवर आडवं निजवलं होतं. त्याचं डोकं सीट ओलांडून हँडलपर्यंत आलेलं, आणि शेपूट मागच्या चाकाच्या बरंच बाहेर. अशा सायकलवर बसायचा प्रश्नच नव्हता. एकाने पुढे हँडल धरून चालायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं.

फर्निचरचा दुकानदार पायरीवर उभा राहून बघत होता.

"म्हातारबा, तुम्ही कपाट ढकलता, की कपाट तुम्हाला ओढून नेतं?"

"तुमच्या दुकानातला माल आहे शेठ. वर्षभर जागचा हलला नाही, तो मला कुठला ओढतोय!"

सून हसली. मामांची जीभ अशी चालत होती तोवर तिला घोर नव्हता.

हँडल पूर्वी तिच्या नवऱ्याच्या हातात असायचं. तो गेल्यावर सायकल बरेच दिवस भिंतीला टेकून राहिली. मग एका सकाळी मामांनी चाकांत हवा भरली, हँडल सुनेच्या हातात दिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे रस्त्यात 'जड' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. माल ते ऐकतो आणि रुसून बसतो. फार झालं तर म्हणायचं, माल बोलतोय. दुसरी गोष्ट त्यांनी सायकलकडे बघत सांगितली होती. "ज्या दिवशी मी तुझ्यावर ओझं होईन ना, त्या दिवशी लेकीकडे निघून जाईन. तू सांगायची वाट बघणार नाही."

लेकीच्या घरात तिचीच माणसं मावत नव्हती. आणि इथे, मामा गेले की सुनेशी बोलायला भिंती तेवढ्या उरणार होत्या.

आभाळ सकाळपासून राखेच्या रंगाचं होतं. मध्ये कपाट आडवं, त्यामुळे पुढच्याला मागचा माणूस दिसत नसे आणि मागच्याला पुढचा रस्ता. म्हणून ती प्रत्येक वळणावर हाक द्यायची.

"आहे?"

"आहे," कपाटापलीकडून उत्तर यायचं.

दवाखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी सायकल ओढवेना. रस्ता तर सपाट होता. ती थांबली. ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये बोट घालून पाहिलं, अंतर होतं. अंगठ्याने टायर दाबला, हवा टच्च होती. चाकाच्या आसाला हात लावला, तो गार होता.

"काय झालं गं?"

"काही नाही. ब्रेक घासतोय की काय, बघत होते."

"माल बोलतोय का?"

"पुटपुटतोय जरासा."

ती पुन्हा चालू लागली, पण डोक्यातून ते जाईना. सायकल ओढायला जड होती आणि हँडल मात्र नेहमीपेक्षा हलकं. पुढचं चाक जेमतेम जमिनीला टेकत होतं, लहानशा खड्यावरूनही भरकटत होतं. कपाटच जड असतं तर हँडलही जड लागायला हवं होतं. तराजूचं एक पारडं वर गेलं, तर दुसऱ्यात काहीतरी पडलेलं असतं. मागच्या चाकापलीकडे, कपाटाच्या शेपटावर, काहीतरी पडलेलं होतं.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं, आरपार काचेचं. वळताना त्या काचेत आधी ती स्वतः आली, मग कपाट, मग मामा. त्यांची दोन्ही कोपरं कपाटावर टेकलेली होती. गाल चादरीवर होता, डोळे मिटलेले. पायांत तिच्या नवऱ्याचे बूट होते, आणि ते बूट ढकलत नव्हते. सायकलमागून नुसते घासत येत होते.

 वळण आलं होतं.

"आहे?"

काचेतले ओठ हलले. डोळे उघडले नाहीत.

"आहे." आवाज रोजचाच, खणखणीत.

पुढे रुळांवरचा पूल दिसू लागला. त्याचा चढ भल्याभल्यांचा घाम काढायचा. कपाट तिने एकटीने कसंबसं चढवलंही असतं. कपाट आणि मामा, दोघांना चढवणं तिच्याने होणारं नव्हतं. पुलाच्या तोंडाशी तिने हँडल डावीकडे घातलं, गोदामांच्या रस्त्याला. तो रस्ता सपाट होता, पण रेल्वेच्या फाटकापर्यंत भला मोठा वळसा घालून जायचा.

"पूल सोडलास?"

"वर वारा आहे, मामा. कपाट डुलेल."

 चादरीचं सुटलेलं टोक तिच्या हाताशी सरळ खाली लोंबत होतं. गोदामांमागे एक धुराडं होतं आणि त्यातला धूर दोरी सोडल्यासारखा नीट उभा वर चालला होता. तो कपाटामागूनही दिसत असणार, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"हो," बऱ्याच वेळाने मामा म्हणाले. "वारा आहे खरा."

 गोदामांची बंद दारं एकामागून एक मागे पडत होती.

आणि एकाएकी हँडल जड झालं. पुढचं चाक रस्त्यावर घट्ट बसलं, सरळ झालं, आणि सायकल नुसत्या हाताच्या आधाराने पुढे जाऊ लागली. इतकी सोपी ती आज दिवसभरात चालली नव्हती. 

"आहे?" वळण नव्हतं, तरी तिने हाक दिली.

"आहे." उत्तर आलं, पण दुरून. "चपलेचा अंगठा तुटला गं. तू हो पुढे. मी येतो मागून."

बुटांना अंगठा नसतो, हे ती बोलली नाही.

"सावकाश बांधा," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे!"

तिने ब्रेक दाबला आणि ती उभी राहिली. मागे वळून पाहिलं नाही. पुष्कळ वेळाने बूट घासल्याचा आवाज जवळ आला आणि कपाटाच्या पलीकडे येऊन थांबला. तिथून फक्त श्वास ऐकू येत होता.

"माल बोलतोय का?" मामांनी विचारलं.

"नाही. झोपलाय."

"मग चल की."

ती हलली नाही. हँडल अजून जडच होतं. ब्रेक तसाच दाबून धरून, ते हलकं होण्याची वाट बघत ती उभी राहिली.